पोळीच्या घरात भाकर

रत्नपालच्या मानेचा निकाल लावायला सगळे रविवारी जमणार हे कळलं, तेव्हा राणीने पहिलं काम केलं ते म्हणजे जास्तीची कणीक मळून ठेवली. संकट आलं की कणीक मळायची, हे अमृतरावांच्या घरात सून होऊन आलेल्या बाईच्या हातांना आपोआप कळत असे. आनंद झाला तरी तेच. त्यामुळे नुसत्या कणकेवरून घरात बारसं आहे की बैठक, हे कुणाला सांगता आलं नसतं.

मान धरली तेव्हा पेरण्या चालू होत्या. आता हरभरा फुलावर आला होता. दुखणं मानेतून खांद्यात उतरलं, खांद्यातून पाठीत गेलं, आणि पाठीत त्याने बिऱ्हाड थाटलं. बाजेची सुतळी ओढून ताणावी तसे नवऱ्याचे स्नायू ताणलेले राणीच्या हाताला लागत. तेल चोळलं, शेक दिला, गावातल्याच, बाळापूरच्या एका मालीशवाल्याने त्याच्या पाठीवर उभं राहूनही पाहिलं. मालीशवाल्याचा पाय मुरगळला. पाठ तशीच राहिली.

कुणी हाक मारली की रत्नपाल आता सगळाच्या सगळा वळे. घरातलं कपाट सरकवावं तसा, आधी एक कोपरा, मग दुसरा. घरात तेवढ्यावर भागलं असतं, पण त्याचा धंदा पिकअप चालवायचा. पुढे जायला मान लागत नाही, रिव्हर्स घ्यायला लागते. गाडीला आरसे होते, पण आरशात बघायलाही थोडी मान लागतेच, हे मान चांगली असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे हळदीची पोती घेऊन कळमनुरीच्या बाजारात निघालेला रत्नपाल एखादं वळण चुकला, की मोकळं मैदान सापडेपर्यंत सरळ जात राही. एकदा तो असा नांदेडच्या अलीकडे पोचला होता. हळदीचा मालक शेजारीच बसला होता. आधी तो ओरडला, मग रडवेला झाला, आणि शेवटी झोपला.

आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, ही या भागातली रीत. आणि आजारी माणसाला न्यायचं काय, तर बिस्किटं, टोस्ट, नाहीतर पाव. हलकं, पचायला बरं. जो येई तो पुडा ठेवी, रत्नपालच्या खांद्यावर हात ठेवी, रत्नपाल कळवळे, मग चहा होई, आणि पाहुण्याचा मान म्हणून रत्नपाल त्याच्याच पुड्यातली चार बिस्किटं खाई. दुखणं वाढलं की पाहुणे वाढत. पाहुणे वाढले की बिस्किटं वाढत. राणी पुडे रचून ठेवत गेली, आणि आता टीव्ही त्या पुड्यांवर ठेवला होता.

घरचेही मागे नव्हते. पोरगं वाळलं म्हणून दुपारी शिरा, संध्याकाळी शेवया, आणि दोन्ही वेळेला राणीच्या हातच्या पोळ्या. त्या पोळ्यांची कीर्ती मोठी होती. सोयरीक बघायला अमृतराव नांदेडला गेले होते तेव्हा पोरीचं शिक्षण, उंची, काहीच न विचारता त्यांनी तिची पोळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली होती. पलीकडचं झाड दिसलं. "जमलं," म्हणाले होते ते. राणीला मात्र एका गोष्टीची तेव्हापासून धाकधूक होती. तिला भाकर येत नव्हती. पण या घरात भाकरीचा प्रश्नच नव्हता. चूल पेटेल ती पोळीसाठी, असं अमृतरावांनी तरुणपणी ठरवलं होतं, आणि ते का ठरवलं होतं हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पाठ होतं म्हणून कुणी बोलत नसे.

*

निर्मलाबाई कळमनुरीहून सकाळच्याच गाडीने आल्या. रत्नपालची ही थोरली बहीण. त्यांनी पिशवीतून टोस्टचा मोठा पुडा काढला, भावाच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे त्याला वळावं लागू नये.

"काय रे बापा, कसा दिसून राहिला तू!"

"बरा हाय, ताई."

"काय बरा? धोंड्यावानी बसलाय."

बुद्धभूषण, थोरला भाऊ, शाळेत आठवीला विज्ञान शिकवायचा. तो खुर्ची घेऊन मधोमध बसला, कारण वर्गात मधोमध बसायची सवय. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली अमृतराव. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले तरी ते अजून बसताना दोन्ही हात पुढे धरत, जणू स्टीअरिंगचं चक्र हातात आहे. चतुराबाई दाराच्या चौकटीला टेकून. आणि राणी आत, चुलीजवळ. तिथून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. या घराची रचनाच अशी होती, की सुनेच्या पाठीमागे तिच्याविषयी बोलायचं म्हटलं तरी ते तिच्या तोंडासमोरच होई.

"मी सरळ सांगते," निर्मलाबाई म्हणाल्या. "राणीनं वाईट वाटून घेऊ नये."

राणीने लाटणं खाली ठेवलं. वाईट वाटायच्या आधी हात मोकळे असावेत.

"याचं दुखणं कवा सुरू झालं? लग्नानंतर. खरं का खोटं?"

"लग्नानंतर तर सगळंच होतं की," चतुराबाई म्हणाल्या. "तुझे दात किडले ते बी लग्नानंतरच."

"माय, मी मस्करी करून राहिले का? बरं, दुसरी गोष्ट. सोयाबीनच्या दिवसात हा वारंगा फाट्यावर मुक्कामाला व्हता. तुमच्या जावयानं सवताच्या डोळ्यानं पाह्यलं, याची मान वळत व्हती! यानं मागं वळून पाण्याचा जग घेतला. घरी आला, पुन्हा खुट्टी. मंग फाट्यावर असं काय हाय?"

"खिचडी," रत्नपाल म्हणाला.

"खिचडीनं मान वळती का रे? फाट्यावर काय हाय ते जाऊ द्या. घरात असं काय हाय, जे फाट्यावर न्हाई?"

नेमकी त्याच वेळी राणी पोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ताटाकडे कुणीच पाहिलं नाही.

"हे बघा," निर्मलाबाईंचा आवाज मऊ झाला, आणि राणीला त्या मऊपणाची जास्त भीती वाटली, "माझं काही वाकडं न्हाई हिच्याशी. पण ताण असतो माणसाला. जोडी जमली न्हाई की अंग बोलतं. हिला महिना-दोन महिने माहेरी पाठवू. हा बरा झाला तर कळंल. न्हाई झाला तर आणू परत."

"आणि झाला तर?" राणीने विचारलं.

बुद्धभूषणने घसा साफ केला. "तसं पाहिलं तर ही एक प्रकारची चाचणीच झाली," तो म्हणाला. "रत्नपाल, तुझं काय म्हणणं? पाठवायचं हिला?"

रत्नपालने जोरात नकाराची मान हलवली.

म्हणजे त्याने मनात हलवली. बाहेर काहीच झालं नाही. मान जागच्या जागी राहिली, डोळे तेवढे उजवीकडून डावीकडे गेले.

"न्हाई म्हणत न्हाई तो," निर्मलाबाई म्हणाल्या.

"दिसलं," बुद्धभूषण म्हणाला.

राणीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. हा माणूस बापासमोर तोंड उघडत नसे. आजवरचा सगळा संसार त्याने मानेच्या होकार-नकारावर चालवला होता, आणि आता तीच बंद. उद्या कुणी विचारलं असतं, तुला फासावर द्यायचं का, तरी त्याचा असाच होकार धरला गेला असता.

"न्हाई," रत्नपाल म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की आधी सगळ्यांना तो बाहेरून आला असं वाटलं. मग तो कपाटासारखा पूर्ण वळला, बापाकडे. "न्हाई, अप्पा. ती जाणार न्हाई. डॉक्टर मॅडमनी दुसरंच सांगितलंय. आमी घरी बोललो न्हाई."

"काय सांगितलं?" अमृतराव पहिल्यांदा बोलले.

रत्नपालचं धाडस तिथे संपलं. त्याने डोळे राणीकडे फिरवले. तेवढे फिरत होते.

राणीने ताट खाली ठेवलं. हिंगोलीच्या त्या डॉक्टर मॅडमकडे दोघं गेले होते त्याला बरेच दिवस झाले होते. मॅडमनी मान तपासली, एक्स-रे काढायला लावला, गाडीची सीट कशी आहे ते विचारलं, आणि मग विचारलं, पोट कसं असतं? रत्नपालने लाजत सांगितलं, फुगतं. खाता काय? राणीने अभिमानाने सगळी यादी सांगितली. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या होत्या.

"मामा," राणी सासऱ्याला म्हणाली, "मॅडम म्हणल्या, काही काही माणसाला गहू सोसत न्हाई. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, ग्लुटेन म्हणतात त्याला. त्यानं पोट बिघडतं हे सगळ्यांना माहीत हाय, पण कुणाकुणाचं अंग बी दुखतं, स्नायू ताठतात. असंलच असं न्हाई, म्हणल्या. मान धरायला शंभर कारणं असतात. म्हणून आधी रक्त तपासलं. त्यातला मोठा आजार न्हाई निघाला. आता म्हणतात, काही आठवडे गहू पूरा बंद करून बघा. फरक पडला तर पुन्हा थोडा खाऊन बघा. मंगच कळंल."

या घरात 'गहू बंद' हे शब्द कुणी कधी जोडून उच्चारले नव्हते. टीव्हीखालचे बिस्किटांचे पुडेसुद्धा ऐकत असल्यासारखे वाटले.

अमृतरावांचे हात अदृश्य चक्रावर घट्ट झाले.

"माझ्या घरात," ते सावकाश म्हणाले, "गव्हानं माणूस आजारी पडलं?"

सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. अमृतराव लहान असताना त्यांची आई सणाच्या दुसऱ्या दिवशी मालकाच्या वाड्यावर जाई, आणि वरून ओंजळीत टाकलेली शिळी पोळी पदरात बांधून आणी. एक पोळी, सगळ्या भावंडांत. धाकट्या अमृतने एकदा विचारलं होतं, आपल्या चुलीवर काहून होत न्हाई? पहिला पगार झाला तेव्हा अमृतराव गव्हाचं पोतं डोक्यावर घेऊन बाजारातून मुद्दाम पायी, वाड्यावरून आले होते.

"तोडगा सोपा हाय," निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांना बाप दुखावलेला बघवेना. "राणी जाऊ द्या माहेरी. गहू बी बंद करू तेवढे दिवस. माय भाकर थापील. दोन्ही होऊन जाईल."

आणि हा तोडगा खरोखरच सगळ्यांना पटला. बुद्धभूषणने मान हलवली. त्याची हलत होती.

राणी बरोबर समजली. ती जाईल. सासू भाकर थापील. आणि मॅडमचं खरं असेल तर नवरा बरा होईल. ठणठणीत बरा होईल, मागे वळून पाण्याचा जग घेईल, आणि मग सगळं बाळापूर म्हणेल, बाई गेली अन् मान सुटली. गव्हाचं नाव कुणी घेणार नाही. तिच्या नवऱ्याचं बरं होणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरणार होता, आणि तरीही तो बरा व्हावा असंच तिला मनापासून वाटत होतं. देव असता तर तिने त्याला विचारलं असतं की असं कोडं कुणी घालतं का.

"दादा," ती बुद्धभूषणला म्हणाली. "तुमी शाळेत प्रयोग घेता ना?"

"घेतो."

"मी गेले अन् पोळी बी गेली. हे बरे झाले. तर कशानं बरे झाले म्हणाल तुमी?"

बुद्धभूषणने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आठवीच्या पोरांना हे तो दर वर्षी ओरडून सांगायचा. एका झाडाला ऊन बंद, पाणी चालू. दुसऱ्याला दोन्ही चालू. दोन्ही एकदम बंद करणाऱ्या पोराला त्याने बाकावर उभं केलं होतं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते," तो कसनुसा होऊन म्हणाला. "नाहीतर प्रयोग बाद."

"मंग?"

"मग एकतर तू जायचं आणि पोळी चालू ठेवायची. नाहीतर तू राहायचं आणि पोळी बंद. दोन्ही एकदम केलं तर," त्याने बहिणीकडे पाहिलं, "मी सही करणार नाही."

"तुझी सही मागितली कुणी?" निर्मलाबाई भडकल्या. "सकाळपासून माझ्या बाजूनं बसलास अन् आता फिरलास का?"

"विज्ञानाला बाजू नसते, ताई."

"तुला व्हती की चहा पिईपर्यंत!"

"बरं," निर्मलाबाई राणीकडे वळल्या, "ऱ्हा तू. पण मंग भाकर थापणार कोण? येती का तुला?"

"न्हाई येत," राणी म्हणाली.

"झालं! म्हंजे मायनंच थापायची, अन् हिनं बघायचं."

"मी थापणार न्हाई," चतुराबाई चौकटीतून म्हणाल्या.

सगळे तिकडे वळले. रत्नपाल थोडा उशिरा पोचला.

"जिनं याला पोळ्या चारल्या तीच भाकर चारील. वाईट व्हईल, तुटंल, करपंल. पण हिच्याच हातची व्हईल. न्हाईतर उद्या गाव म्हणंल सासूनं पोरगं वाचवलं. मला न्हाई पाह्यजे ती शाबासकी." त्यांनी पदर खोचला. "निर्मला, मी दवाखान्यात पडले व्हते तवा हिनं रोज माझी वेणी घातली. नखं काढली. मला न्हाणीत धरून नेलं. तुझ्याकडून त्या वक्ताला टोस्ट आले व्हते. चांगले व्हते टोस्ट, न्हाई म्हणत न्हाई मी."

भावाच्या मांडीवर ठेवलेला पुडा निर्मलाबाईंनी हळूच उचलून परत आपल्या पिशवीत ठेवला.

राणीला रडू येत होतं. पण अमृतराव अजून तसेच बसले होते, आणि त्यांच्या तोंडून हो आल्याशिवाय या घरात परातीला ज्वारी लागणार नव्हती. ती त्यांच्यासमोर जाऊन खाली बसली.

"मामा, तुमी वाड्यावरून पोतं नेलं, ते गव्हासाठी नेलं का?"

"मंग कशासाठी?"

"मला वाटतं, आपल्या ताटात काय पडावं हे दुसऱ्यानं ठरवू नये, म्हणून नेलं. ते तुमी मिळवलं. त्याच्या जिवावर आमी बसलो. मंग आज आपण आपल्याच मर्जीनं भाकर ठरवली, तर ती वाड्यावरची व्हती का? ती बी तुमचीच."

अमृतरावांनी आतल्या चुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पीठ कुठंय? या घरात ज्वारीचं पीठ न्हाई."

"हाय," चतुराबाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि धुण्याच्या साबणाच्या डब्यामागून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. आत ज्वारीचं ताजं पीठ होतं.

"हे काय?" अमृतराव.

"दुपारी शेजारच्या देवलाबाईच्या चुलीवर नेऊन थापते. एखादी. पोळीनं माझं पोट भरत न्हाई, कवाच भरलं न्हाई. पण तुमी एवढ्या हौसेनं पोतं आणलं व्हतं. कसं सांगावं?"

बुद्धभूषणने खुर्चीतल्या खुर्चीत हालचाल केली. "मी पण," तो म्हणाला, "शाळेत डबा बदलतो. पवार गुरुजी भाकर आणतात. त्यांना राणीच्या पोळ्या आवडतात."

"मी पण फाट्यावर," रत्नपाल म्हणाला, "खिचडी नसली की."

"कमाल हाय," अमृतराव म्हणाले. "कमाल हाय तुमची. मी तुमच्यासाठी..."

"तुमी बोलू नका," चतुराबाई म्हणाल्या. "मुक्कामाची एसटी घेऊन जायचे तवा तुमच्या पिशवीत काय असायचं? धुताना पिशवी कोण झटकायचं? ज्वारीचं पीठ सांडायचं तिच्यातून. तवा कळलं मला, हा माणूस खेड्यापाड्यात एसटीच्या आडोशाला तीन धोंडे मांडून भाकरी थापतो, अन् घरी येऊन पोळीची शपथ पाळतो."

अमृतरावांचे हात चक्रावरून खाली आले.

राणीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून सासू पोळी खात होती. घरच्यांना कमीपणा वाटू नये म्हणून सासरा खात होता. दोघांना बरं वाटावं म्हणून लेकरं खात होती. एकमेकांच्या उपकाराखाली सगळं घर वर्षानुवर्षं पोळी गिळत आलं होतं, आणि ज्याला ती खरोखर सोसत नव्हती त्या एकट्याचीच मान अडकली होती.

"म्हंजे मी इतकी वर्षं," ती म्हणाली, "कुणासाठी लाटून राहिले?"

आधी कुणी हसलं नाही. मग निर्मलाबाईंच्या तोंडून फस्सकन आवाज निघाला, आणि मग सगळेच सुटले. रत्नपाल हसताना "आई गं, आई गं" करत होता, कारण हसायलाही पाठ लागते.

*

पहिली भाकर परातीतच तीन जागी तुटली. दुसरी उचलताना राणीच्या मनगटावर राहिली आणि बाकीची तव्यावर गेली. तिसरीचा आकार बुद्धभूषणला कळमनुरी तालुक्यासारखा वाटला. "इथं बाळापूर," तो बोट दाखवून म्हणाला, "आणि हा भाजलेला डाग म्हणजे फाटा."

निर्मलाबाई बघत होत्या. त्यांनी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा आवरला. चतुराबाई तर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, म्हणजे मदत करायचा मोह नको.

मग अमृतराव उठले. आले, चुलीजवळ मांडी घातली, बाह्या वर केल्या.

"पाणी कोमट झालंय. कडकडीत पाह्यजे, तरच पीठ धरून राहतं," ते म्हणाले. "अन् घाबरून थापू नको. गाडी सोडल्यावानी सोड. हात हलका, पण थांबायचं न्हाई." त्यांनी गोळा घेतला, परातीत पीठ भुरभुरलं, आणि त्यांचे ते चक्र धरणारे हात फिरू लागले. भाकर गोल गोल सरकत मोठी होत गेली, जणू लांबच्या वळणावर एसटी सावकाश वळतेय. त्यांनी ती उचलली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. उलटून विस्तवाला लावली तशी ती टम्म फुगली.

अमृतरावांनी भाकर मोडली, वाफ बाहेर पडली, आणि मोठा तुकडा त्यांनी रत्नपालच्या ताटात ठेवला. दुसरा राणीच्या हातात.

"आता तू," म्हणाले.

चौथी भाकर राणीची. तीही तुटली. पण या वेळी दोनच जागी.

*

मान एका दिवसात सुटली नाही. राणीला ते बरंच वाटलं. एका दिवसात सुटली असती तर गावाने त्यातही करणी शोधली असती. आधी पोट हलकं झालं, मग झोप लागायला लागली, मग एका सकाळी पाठीला तेल लावताना राणीच्या हाताला सुतळीऐवजी पाठ लागली. मॅडमनी सांगितलेले मानेचे व्यायाम चालू होते, सीटला उशी आली होती. अमृतराव रोज पहाटे गिरणीवर जाऊन उभे राहत, गव्हाच्या आधी आपली ज्वारी दळून घ्यायला. बिस्किटांचे पुडे वाटून टाकले, त्यामुळे टीव्ही जमिनीवर आला आणि सगळं घर मान खाली घालून टीव्ही बघू लागलं.

मध्येच मॅडमच्या सांगण्यावरून रत्नपालने पोळी खाऊन पाहिली. बुद्धभूषण वही घेऊन समोर बसला होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाट परत आलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दिसतंय तसं. पण लक्ष ठेवत चला, दुखणं एकाच कारणाचं असतं असं नाही." राणीला ती बाई आवडली. जिला शंभर टक्के माहीत नाही हे माहीत आहे, अशी माणसं तिने कमी पाहिली होती.

अमृतरावांसाठी ती अजून रोज एक पोळी लाटते. वेगळं पोळपाट, वेगळा तवा. ते ती पोळी आधी खिडकीच्या उजेडात धरतात, झाड दिसलं की खातात. मग भाकर मागतात.

निर्मलाबाई परत आल्या त्या हरभरा काढून झाल्यावर. पिशवीत मुरमुरे, लाह्या आणि तांदळाचे पापड. "मी दुकानात पुड्यावरचं सगळं वाचून घेतलं," त्या दारातूनच म्हणाल्या. "दुकानदार म्हणला, बाई, घेता का परीक्षा देता?" मग राणीच्या हातात पिशवी देताना थांबल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, जे त्यांच्या घराण्यात कुणाला बोलता येत नसे. शेवटी म्हणाल्या, "तुझी वेणी मी घालू का आज?"

राणी उंबऱ्यावर बसली. नणंद मागे बसली, आणि केसांत फणी फिरू लागली.

तेवढ्यात पिकअप गल्लीच्या तोंडाशी आली. आजवर रत्नपाल गाडी तिथेच सोडून चालत येई, कारण गल्लीत नाक घालून शिरलं तर बाहेर निघायचं कसं? आज गाडी थांबली. थोडी पुढे गेली. मग तिचा रिव्हर्सचा दिवा लागला.

अमृतराव घरातून अनवाणीच धावत गेले. गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभे राहून, एसटीच्या वेळचा तो ठेवणीतला आवाज काढून, तिच्या फळीवर थाप मारत ओरडू लागले, "येऊ दे! येऊ दे! डावीकडं, येऊ दे!"

गाडी मागे येत होती. खिडकीतून रत्नपालचं डोकं बाहेर आलं, खांद्यावरून पूर्ण मागे वळलं, आणि आरशात न बघता त्याने सरळ दाराकडे पाहिलं, जिथे त्याची बायको अर्धी वेणी घालून बसली होती.

"हलू नको," निर्मलाबाई राणीला म्हणाल्या. "वेणी सुटंल."

राणी हलली नाही. पण मान तिने वळवलीच.